नायट्रोजन ऑक्साइडांचे औद्योगिक नियंत्रण
बाष्पित्रे व भट्ट्या यांच्या धूरवायूंतील नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्याची तंत्रे. ही ऑक्साइडे केवळ इंधनातील नायट्रोजनापासून बनत नाहीत. उच्च तापमानास ज्वलनासाठी घेतलेल्या हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होतो. ही विक्रिया या. बी. झेल्डोविच यांनी १९४०–५० या दशकात स्पष्ट केली. त्यामुळे गंधकाप्रमाणे इंधन शुद्ध करून हा प्रश्न सुटत नाही.

लॉस अँजेल्समधील धुरके सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बने व ही ऑक्साइडे यांच्यापासून बनते, असे आरी यान हागेन-स्मिट यांनी १९५० नंतर दाखविले. पुढे तेथील बाष्पित्रांत द्विटप्पी ज्वलन योजण्यात आले. मात्र त्याने होणारी घट मर्यादित असते.

निर्णायक प्रगती जपानमध्ये झाली. तेथे १९७३ मध्ये हवेतील नायट्रोजन डाय-ऑक्साइडाची दैनिक सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत ०·०२ भाग ठरविण्यात आली. ती पाळणे अवघड गेल्याने १९७८ मध्ये ०·०४ ते ०·०६ अशी शिथिल केली गेली; पण तिच्याच धाकाने वरणात्मक उत्प्रेरकी क्षपण व्यवहारात आले, असे म्हणावयास हरकत नाही. या पद्धतीत सु. ३००°–४००° से. तापमानाच्या धूरवायूत अमोनिया मिसळून तो व्हॅनेडियम व टिटॅनियम यांच्या ऑक्साइडांच्या उत्प्रेरकावरून नेतात. नायट्रोजन व पाणी तयार होतात.

भारतात औष्णिक वीज केंद्रांसाठी मर्यादा २०१५ मध्ये आल्या. २००४–१६ मधील संचांची ३०० मिग्रॅ. प्रती घ. मी. ही मर्यादा २०२० मध्ये ४५० झाली. भारतीय कोळशातील विपुल राखेने उत्प्रेरक झिजतो, या आक्षेपात तथ्य आहे. ज्वलनातील सुधारणांना मात्र तो लागू पडत नाही.