सावंतवाडी–दोडामार्ग खाणवाद

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांतील डोंगरपट्ट्यात लोहखनिजाच्या खाणींवरून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून चाललेला वाद. गोव्यातील खनिजपट्टा उत्तरेकडे या तालुक्यांत शिरतो. राधानगरीपासून गोवा आणि कर्नाटकातील भीमगडकडे जाणारा वाघांचा मार्गही याच डोंगरांतून जातो. 2002 मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेल्या हत्तींमुळे हे जंगल तुटक तुकड्यांचे नाही, हे बाहेरच्या जगाला कळले. गावकऱ्यांना ते केळी-माडांच्या नुकसानीतून कळले.

या भागाचे वेगळेपण जमिनीच्या मालकीत आहे. विदर्भात ताडोबालगतच्या कोळसा खाणींचा वाद मुख्यतः सरकारी वनाच्या कडेने चालतो. येथे मात्र बरेचसे जंगल खाजगी असून सातबाऱ्यावर भाऊबंदांची लांबलचक नावे असतात. आंबोली, चौकुळ व गेळे येथे तर ‘कबुलायतदार गावकर’ ही सामाईक धारणेची जुनी पद्धत आहे. देवराया देवाच्या नावाने राखलेल्या. त्यामुळे ‘सरकारी म्हणजे सार्वजनिक’ हे समीकरण येथे लागू पडत नाही, आणि अभयारण्य जाहीर करून प्रश्न मिटवण्याची वाटही सोपी राहत नाही. सहहिस्सेदारांपैकी कित्येक जण गिरणीकामासाठी मुंबईत लालबाग, परळ, करी रोडच्या चाळींत गेलेले. जमीन विकायची की राखायची, या प्रश्नात या चाकरमान्यांची सही व संमती गावातल्या माणसाइतकीच मोलाची ठरते. गणपतीला गावी आलेल्या मंडळींपुढे हा विषय निघणे म्हणूनच स्वाभाविक.

वादाला तोंड फुटले ते दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथील खाणीवरून. 2009 च्या सुमारास तेथे ग्रामस्थांचे आंदोलन पेटले. आक्षेप प्रामुख्याने पाण्याचा होता. येथील सुपारी-नारळाच्या बागा डोंगरातल्या झऱ्यांवर आणि त्यांवरून काढलेल्या पाटांवर पोसल्या जातात. उघडी खाण भूजलपातळीखाली गेली, की पाणी खड्ड्याकडे वळते आणि ते सतत उपसावे लागते. गोव्यात एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती काढून टाकावी लागते. कोकणच्या पावसात तिचे ढीग जागेवर राहतील, असे मानणे धाडसाचेच. जुलै 2021 मध्ये कळणे खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखलाचा लोट खालच्या घरांत व बागायतीत घुसला. समर्थकांचा मुद्दा रोजगाराचा, ट्रकव्यवसायाचा आणि सरकारला मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा. तो खोटा नाही; परंतु खाणीचे आयुष्य दशकांत मोजतात आणि बागायत पिढ्यान्‌पिढ्या चालते, हा हिशेब त्यात सहसा येत नाही.

केंद्र सरकारने 2010 मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ गट नेमला. त्याचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये सादर झाला. तो लोकांसमोर मात्र 2012 मध्येच आला. पर्यावरणदृष्ट्या सर्वाधिक संवेदनशील क्षेत्रात नव्या खाणींना परवानगी नको आणि चालू खाणी 2016 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात, अशी शिफारस त्यात होती. दरम्यान या भागातील पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आपले क्षेत्र संवेदनशील घोषित करावे, असे ठराव केले. पश्चिम घाटात इतरत्र अशा घोषणेला विरोध होत असताना येथे ती मागणी खालून वर गेली, ही या वादातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणावी लागेल. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने 2013 मध्ये, गाडगीळ गटाप्रमाणे संपूर्ण घाट न घेता, सुमारे 37 टक्के क्षेत्र संवेदनशील मानले. या फेरमांडणीत दोडामार्ग तालुका वगळला गेला.

पुढचा लढा न्यायालयात गेला. आवाज फाउंडेशन व वनशक्ती या मुंबईतील संस्थांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये या पट्ट्यात वृक्षतोडीस बंदी घातली. बंदीनंतरही तोड होत असल्याच्या तक्रारी येत राहिल्या. रबर लागवडीसाठी होणारी तोडही त्यांत होती. म्हणजे डोंगर उघडा पाडायला खाणच लागते असे नाही. जून 2020 मध्ये राज्य सरकारने 29.53 चौरस किलोमीटर वनाला तिलारी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. पुढच्या वर्षी दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाच्या दुर्मीळ दलदलीला जैवविविधता वारसा स्थळ घोषित करण्यात आले.

शेजारच्या गोव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम करता येणार नाही, हा दंडक त्याच न्यायालयाने 2023 मध्ये देशभरासाठी कायम केला. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातील ही गावे मात्र यांपैकी कोणत्याच प्रकारात मोडत नाहीत, आणि संवर्धन राखीव क्षेत्राचा उल्लेख त्या दंडकात नाही. म्हणून त्यांना संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना हाच मुख्य कायदेशीर आधार उरतो. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पंचवीस गावांसाठी ती प्रक्रिया मुदतीत करण्याचे निर्देश दिले.