लोकरीचे विणकाम : धाग्याची पारख आणि टाक्यांचे तंत्र

थंडीची चाहूल लागली की लोकरीच्या रंगीबेरंगी गुंड्यांकडे लक्ष वेधले जाते. बहुतेक वेळा रंग पसंत पडला की खरेदी होते. मात्र स्वेटर अंगाला नीट बसेल का, टोचेल का, धुतल्यावर आटेल का, हे रंगावर नव्हे, तर तंतूचा प्रकार, धाग्याची जाडी आणि विणीची निवड यांवर ठरते. अनेक दिवसांची मेहनत वाया जाऊ नये, यासाठी या तीन गोष्टींची माहिती हवी.

धाग्याची पारख

आपल्याकडे विणण्याच्या जाड धाग्याला सरसकट ‘लोकर’ म्हटले जाते. पण बाजारातील बरीचशी ‘लोकर’ ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची असते. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओलसर लागत नाही. ॲक्रिलिक स्वस्त असते, त्याला कसर लागत नाही आणि ते धुण्यास सोपे असते. परंतु ते घाम फारसा शोषत नाही.

दोहोंतील फरक ओळखण्यासाठी धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून, खाली बशी ठेवून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे बोटाने चुरडता येणारी राख उरते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची कठीण गुठळी होते. हा गुणधर्म केवळ पारखण्यापुरता नाही. वितळलेले ॲक्रिलिक त्वचेला चिकटून खोलवर भाजू शकते. बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी शेगडी ठेवण्याची प्रथा काही घरांत आजही आहे. तेथे बाळाला ॲक्रिलिकचे कपडे घालून विस्तवाजवळ नेऊ नये.

लोकरीचा मऊपणा तंतूच्या बारीकपणावर अवलंबून असतो. मेरिनो मेंढीची लोकर साधारणतः २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असते, म्हणून ती अंगाला टोचत नाही. महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. घोंगडीला ती उत्तम. पण अंगालगतच्या कपड्यांसाठी उपयोगाची नाही. आपल्या सौम्य हिवाळ्यात लहान मुलांसाठी सुती धागाही चांगला. तो वजनाला जड असतो व त्याला ताण कमी असतो, हे लक्षात घेऊन वीण निवडावी.

जाडी आणि सुयांचा नंबर

धाग्याची जाडी ‘प्लाय’मध्ये सांगतात. प्लाय म्हणजे पेड. मात्र पेडांच्या संख्येवरून जाडीचा केवळ अंदाज येतो. म्हणून वेष्टनावरील सुयांचा नंबर अवश्य पाहावा. जुन्या पद्धतीत नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मि.मी., १० नंबरची ३.२५ मि.मी., तर १२ नंबरची २.७५ मि.मी. जाडीची असते. वेष्टनावर रंगाचा लॉट क्रमांकही असतो. एकाच लॉटची लोकर घ्यावी आणि एक गुंडा जास्तच घ्यावा. नंतर आणलेल्या लोकरीचा रंग तंतोतंत जुळेलच असे नाही.

मूळ टाके

सर्व विणी सुलट आणि उलट या दोनच टाक्यांतून साकारतात. प्रत्येक ओळ सुलट विणली की दोन्ही बाजूंनी सारखी, कडा न वळणारी जाड वीण तयार होते. एक ओळ सुलट व एक उलट विणली की पुढील बाजू गुळगुळीत येते, पण कडा वळतात. म्हणूनच खालच्या काठाला, मनगटाला आणि गळ्याला ‘एक सुलट, एक उलट’ अशी ताणली जाणारी बॉर्डर घालतात. ती मुख्य विणीपेक्षा दोन नंबर बारीक सुयांवर विणावी. जाळीच्या विणीत धागा सुईवर घेऊन वाढवलेला प्रत्येक टाका दोन टाके एकत्र विणून कमी केला जातो. त्यामुळे रुंदी कायम राहते. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मोठी जाळी किंवा आतून लोंबणारे धागे नसावेत, त्यांत बोटे अडकतात.

नमुना का विणावा?

टाके घालण्यापूर्वी सुमारे १५ सें.मी.चा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मधल्या १० सें.मी.मधील टाके मोजावेत. समजा, कृतीनुसार १० सें.मी.त २२ टाके हवेत आणि घेर ९० सें.मी. आहे, तर १९८ टाके लागतील. आपला हात सैल असून २० टाकेच बसत असतील, तर तेवढ्याच टाक्यांचा घेर ९९ सें.मी. होईल! अशा वेळी बारीक सुई घ्यावी. टाके जास्त बसत असतील तर जाड.

निगा

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि चोळणे यांमुळे ते एकमेकांत गुंततात व कपडा आटतो. म्हणून गार वा कोमट पाण्यात सौम्य साबणाने अलगद धुवावे, पिळू नये आणि सावलीत सपाट पसरून वाळवावे. कसर मळलेल्या लोकरीला लवकर लागते. त्यामुळे हिवाळा सरताच कपडे धुऊन, पूर्ण कोरडे करूनच ठेवावेत. एवढी काळजी घेतल्यास हाताने विणलेला स्वेटर थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे सहज जातो.