पेपर कोण लिहिणार?

शिरूरला माझ्या आजोळी आम्हाला शिकवणारे हाफिजजी अंध होते. आमचा सबक ते नुसता ऐकत. जेर-जबर चुकला की चटईवर बोट टकटकवत. त्यांनी अख्खा कुरआन ऐकूनच पाठ केला होता आणि त्यांची परीक्षाही तोंडीच झाली होती. डोळ्यांचा प्रश्न तिथे आलाच नाही.

हे आपल्याकडे जुनंच आहे. इब्न उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते, मदिन्यात अजान देत. लहानपणीच दृष्टी गेलेले ताहा हुसैन 1914 मध्ये कैरोच्या नव्या विद्यापीठाचे पहिले डॉक्टर झाले.

आपल्या भागात लेखी पेपरचं राज्य आलं ते मुंबई विद्यापीठाबरोबर. स्थापना 1857 ची, पहिली मॅट्रिक 1859 ची. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ. वशिल्यापेक्षा ते कितीतरी बरं, हे मी मान्य करतो. पण वाचायला डोळे आणि लिहायला हात असणारच, हे त्यात गृहीत धरलेलं होतं.

कायद्याने लेखनिक दिला तो थेट 1995 साली. तोही कलम 31 मध्ये, फक्त अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना. ज्याचा हात चालत नाही, त्याचा त्या कलमात उल्लेखच नव्हता! 2013 च्या केंद्रीय सूचनांनी तासाला किमान 20 मिनिटं जादा दिली. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. तरी 40 टक्क्यांची अट आडवी येत राहिली. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमार यांच्या खटल्यात 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लेखनिकासाठी ती अट लावता येणार नाही.

कागदावर वाट मोकळी झाली. पण 2018 च्या सूचनांप्रमाणे स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी खाली शिकणारा हवा होता. आमच्या नात्यातली दृष्टिहीन मुलगी शिरूरला उर्दू माध्यमातून दहावीला बसली, तेव्हा उर्दू भरभर लिहिणारी नववीची मुलगी शोधायची होती. शिरूरला कुणी मिळेना. दौंडला एक सापडली. तिचे अब्बा आधी नाही म्हणाले. तिची स्वतःची परीक्षा तोंडावर होती. मग तिची अम्मीच तिला घेऊन एसटीने शिरूरला आली. पहिल्या संध्याकाळी एकीने जुन्या प्रश्नपत्रिकेची उत्तरं सांगितली, दुसरीने लिहिली. तासाभराने आतून आवाज आला, "बाजी, थोडं हळू बोला ना."