नाव दुकानाचे, घडण कुणाची?

आमच्या इंदूरच्या जुन्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत, मासे पकडण्याच्या काठीला लावायचे एक रीळ होते. काळसर मुलाम्याचे, मुठीत जेमतेम मावणारे आणि पाय तेवढा पितळेचा. आमच्या घरात कुणी कधी गळ टाकला नाही. मासा शिजण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळे आम्ही मुले संक्रांतीला त्यावर मांजा गुंडाळत असू. आजोबा होळकर संस्थानच्या सेवेतून १९३६ साली निवृत्त झाले, तेव्हा रेसिडेन्सीतील एका इंग्रज अधिकाऱ्याने ते त्यांना भेट दिले होते. साहेबाने ते मुंबईहून खास नवे मागवून दिले आणि ते ‘आर्मी अँड नेव्ही कंपनीने बनवलेले’ आहे, अशी दोन वाक्ये आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. निवृत्तीनंतर सवड मिळाल्यावर मी या दोन्ही वाक्यांची शहानिशा केली. ती करताना जी माहिती हाती आली, ती वाचकांपुढे ठेवतो.

आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही १८७१ साली लंडनमध्ये लष्करी आणि नाविक अधिकाऱ्यांनी स्थापन केलेली सहकारी संस्था होती. सभासदांना रास्त दरात माल मिळावा, हा तिचा मूळ हेतू. तिची मुंबईची शाखा १८९१ साली उघडली. काळा घोड्याजवळ, आजच्या महात्मा गांधी मार्गावर, तिची इमारत अद्याप त्याच नावाने ओळखली जाते. तंबूपासून बंदुकीपर्यंत आणि मुरंब्यापासून मासेमारीच्या साहित्यापर्यंत सारे काही तिच्या जाडजूड सूचिपत्रात असे. पण तिच्या नावाची रिळे तिने घडवलेली नसत. ती दुसरीकडून करवून घेतली जात आणि त्यांवर संस्थेचे नाव कोरले जाई.

ही रीत त्या एका संस्थेपुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत ती रूढ झाली. कारखानदाराला ठोक मागणी मिळे आणि जाहिरातीचा खर्च वाचे. दुकानदाराचा लाभ निराळा होता. गिऱ्हाइकाला कर्त्याचे नाव कळले, तर ते पुढच्या वेळी थेट त्याच्याकडे किंवा शेजारच्या दुकानात जाणार. म्हणून ते नाव झाकलेले बरे. शिकागोच्या हिबर्ड, स्पेन्सर, बार्टलेट या लोखंडी सामानाच्या घाऊक पेढीने आपल्या मालाला ‘ओ. व्ही. बी.’ ही अक्षरे दिली होती. त्यांचा अर्थ ‘आमचे सर्वोत्तम’. सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड पेढीने आपल्या क्रीडासाहित्याला आपल्याच एका कर्मचाऱ्याचे नाव दिले. १९०८ पासून १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ‘जे. सी. हिगिन्स’ या नावाने माल विकला गेला; त्या नावाचा कारखाना मात्र नव्हता.

मग कर्ता ओळखायचा कसा? पहिला साक्षीदार म्हणजे पेटंटची तारीख. दुकानदाराला नाव झाकता येई, पण आपला हक्क राखण्यासाठी कारखानदार पेटंटची तारीख धातूवर उमटवीत असे. अनेक जुन्या अमेरिकन रिळांवर १७ नोव्हेंबर १८८५ आणि ८ ऑक्टोबर १८८९ या दोन तारखा जोडीने आढळतात. वर दुकान कोणतेही असो, या तारखा ब्रुकलिनच्या ज्युलियस फॉम होफे याच्याकडे बोट दाखवतात. २३ फेब्रुवारी १८८६ ही तारीख दिसली, तर माग न्यूअर्कच्या माइसेलबाख बंधूंपर्यंत पोहोचतो. येथे एक गमतीची कसोटी आहे. अमेरिकेत पेटंटे मंगळवारीच दिली जात. वरील तिन्ही तारखा मंगळवारच्याच आहेत. झिजलेल्या अक्षरांतून लावलेली तारीख दुसऱ्या वाराची निघाली, तर आपल्या वाचण्यात चूक झाली असे खुशाल समजावे. मात्र पेटंटची तारीख वस्तूचा जन्मदिवस सांगत नाही. वस्तू त्यापूर्वीची नाही, एवढेच ती सांगते; तोच शिक्का पुढे कित्येक वर्षे उमटत राहू शकतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे क्रमांक. सिअर्सच्या मालावर बिंदूच्या आधी जे तीन अंक असत, ते माल पुरवणाऱ्या कारखान्याचा संकेत असत. आपल्या कचेरीतील जावक क्रमांकाच्या आधीचे अंक जसे विभाग सांगतात, तसाच हा प्रकार. मिशिगनमधील कॅलामझू येथे १८९७ साली सुरू झालेल्या शेक्सपिअर कंपनीने (नाटककाराशी तिचा संबंध नाही, तो संस्थापकाचाच नामयोग) सालासाठी अक्षरे योजली होती. के म्हणजे एक, जे म्हणजे दोन, एच म्हणजे तीन, असे उलट्या क्रमाने जात ए म्हणजे शून्य. एक या अंकाशी घोटाळा होईल असे आय हे अक्षर त्यातून वगळलेले आहे. म्हणून ‘जी ई’ ही अक्षरे असली की साल १९४६ समजावे.

तिसरा साक्षीदार सर्वांत विश्वासू, आणि तो म्हणजे घडण. दर्शनी तबकडीवरचे नाव बदलायला ठसा बदलला की पुरते. पण खांबांची संख्या, पायाचा आकार, मुठीचा घाट, आतल्या कटकट वाजणाऱ्या दातेरी चाकाची बैठक, हे सारे बदलायचे तर साचे आणि हत्यारे बदलावी लागतात. ते खर्चाचे काम कोण करील? म्हणून कर्त्याचे नाव असलेले एखादे रीळ शेजारी ठेवून ताडून पाहणे, हा जाणकारांचा मार्ग. तरीही एक सावधगिरी हवी. कधी कधी कारखान्याचे नावही विकले जाते. केंटकीमधील मीक यांची रिळे घड्याळाच्या तोडीची मानली जात. १९१६ साली त्यांची लुइव्हिल येथील पेढी कनेटिकटच्या हॉर्टन कंपनीने घेतली आणि पुढे मीक हे नाव हॉर्टनच्या मालावरही दिसू लागले. अशा वेळी कर्त्याचे म्हणून कोरलेले नावही तपासून घ्यावे लागते.

इंग्लंडात या धंद्याची दोन ठाणी महत्त्वाची. एक सुया आणि गळ यांसाठी विख्यात असलेले रेडिच. तेथील जे. डब्ल्यू. यंग यांच्या कारखान्याने १८८४ पासून असंख्य दुकानांसाठी रिळे केली. दुसरे उत्तरेकडील ॲनिक हे छोटे गाव. तेथे हार्डी बंधूंचा उद्योग १८७२ साली सुरू झाला आणि त्यांच्या ‘परफेक्ट’ या रिळाने १८९१ पासून मोठी कीर्ती मिळवली. त्यांच्याकडे हात बसलेला डिंग्ली नावाचा कारागीर पुढे स्वतंत्र झाला आणि त्याच गावात राहून दुकानांसाठी माल घडवू लागला. बाहेर नाव गिऱ्हाईक दुकानाचे; आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, तो ‘डी’ एवढे एकच अक्षर ठोकत असे.

हे वाचल्यावर मी आमचे रीळ राजवाड्याजवळच्या एका वृद्ध घड्याळजींकडे नेले. जुन्या स्क्रूच्या खाचा बिघडू नयेत म्हणून त्यांनी आधी पेचकसाचे टोक घासून बरोबर मापाचे केले, तेलाचा थेंब सोडून दोन दिवस थांबले आणि मग ते उघडले. आत, मांजाच्या गुलाबी भुकटीखाली, ते अक्षर होते. पायाची घडणही डिंग्लीच्या रिळांच्या छायाचित्रांशी जुळली. घरातले एक वाक्य असे गळून पडले.

दुसऱ्या वाक्याचा निकाल बाहेरच्या कोरीव नावाने लागला. त्यात को-ऑपरेटिव्ह सोसायटीची ‘सी. एस. एल.’ ही आद्याक्षरे आहेत. १९३४ साली संस्थेने नाव बदलून ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ केले. म्हणजे रीळ बहुधा त्यापूर्वीचे. दुकानात पडून राहिलेला माल उशिरा विकला गेला असेल, ही शंका मलाही आली. पण पायाच्या दोन्ही टोकांवर काठीच्या कड्यांनी पडलेले खोल ओरखडे आहेत आणि मुठीचा कड झिजून गुळगुळीत झाला आहे. मांज्याने ते होणार नाही. हे रीळ काठीवर चढून वर्षानुवर्षे पाण्याकाठी फिरलेले आहे. बहुधा नर्मदेच्याच, जिथल्या महाशीर माशाला तिकडे बाडस म्हणतात. साहेबाने ते नवे मागवले नव्हते. स्वतःचे, वापरातले दिले होते.

हे ऐकून माझ्या धाकट्या बंधूंचा थोडा विरस झाला. “म्हणजे जुनेच दिले की!” असे ते म्हणाले. मला मात्र आजोबांची ही भेट आता अधिक मोलाची वाटते. मागवलेली वस्तू पैशाने येते. हाताला सरावलेली वस्तू सोडताना माणसाला काहीतरी वाटतेच.

कर्त्याच्या नावाविषयीही एक विचार मनात येतो. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, प्रसंग आणि सालही असते. घडवणाऱ्या तांबटाचे नसते. मी स्वतः शासकीय सेवेत पस्तीस वर्षे ज्या टिपणांवर सह्या केल्या, त्यांतील कित्येकांचा शब्द न् शब्द समोरच्या बाबूंचा होता. त्यांना आत कुठे ‘डी’ ठोकायची सोयही नव्हती.

वाचकांना एकच विनंती आहे. अशी वस्तू घरात असेल, तर ती मोडीत देण्याआधी उजेडात धरून नीट पाहावी आणि तोवर चिंच-राख लावून घासू नये. झिजलेली अक्षरे त्यानेच कायमची जातात. आमचे रीळ मी पुन्हा ट्रंकेत ठेवले आहे. सोबत एक चिठ्ठी आहे. तिच्यात विकणाऱ्याचे, देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव आहे. आणि सर्वांत वर, घडवणाऱ्याचे.