लेखणीनेंच नकार दिला तर

इ. स. १९०६ सालीं लंडनचे प्रकाशक ग्रँट रिचर्ड्स यांनीं जेम्स जॉइस या तरुण आयरिश लेखकाचा ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह प्रसिद्ध करण्याचें कबूल केलें, आणि त्याच वर्षीं तें वचन मोडलें. अडचण उत्पन्न झाली ती मुद्रकाकडून. तत्कालीन इंग्रजी कायद्यानें अश्लील मजकुराबद्दल लेखक व प्रकाशक यांच्या जोडीस मुद्रकालाही जबाबदार धरलें होतें. तेव्हां छापखान्याच्या मालकानें हस्तलिखितावर निळ्या पेन्सिलीनें खुणा केल्या व अमुक मजकूर आम्ही जुळविणार नाहीं असें कळविलें. पुढें १९१२ सालीं डब्लिनमधील दुसऱ्या एका मुद्रकानें याच पुस्तकाचे छापून तयार असलेले फर्मे नष्ट केले. पुस्तक बाहेर पडलें तें १९१४ मध्यें. याच लेखकाच्या ‘युलिसिस’ या कादंबरीच्या एका प्रकरणाची टंकलिखित प्रत पॅरिसमध्यें तयार होत असतां, १९२१ सालीं, टंकलेखिकेच्या पतीनें तें हस्तलिखित सहज चाळलें आणि संतापाच्या भरांत त्यांतील पानें विस्तवांत टाकलीं. हे गृहस्थ ब्रिटिश वकिलातींत नोकरीस होते. साहित्याशीं त्यांचा संबंध एवढाच!

अश्लीलतेविषयींच्या वादाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा न्यायाधीशापासून आरंभ करतों. परंतु न्यायाधीश फार उशिरां येतो. पुस्तक लिहून, छापून, विकून झालें म्हणजे मग तो बोलूं लागतो. त्याच्या पूर्वीं लेखकाला गांठावी लागतात तीं माणसें निराळीं: नक्कल करणारा, खिळे जुळविणारा, पदरचा पैसा घालणारा. त्यांच्या नकाराची नोंद क्वचितच कोठें होते. अलीकडील कांहीं वर्षांत या पंक्तींत एक नवा सोबती येऊन बसला आहे, आणि तो म्हणजे लेखकाच्या हातांतील लेखणीच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर चालणारीं लेखनयंत्रें आतां कादंबरीकारांच्या मेजावर आलीं आहेत. चार ओळी लिहून दिल्या कीं पांचवी तें यंत्र सुचवितें. प्रसंग सांगितला कीं संवाद रचून देतें. परंतु खून, बलात्कार, आत्महत्या, वेश्यावस्ती, वासना असा विषय निघाला कीं तेंच यंत्र पुष्कळदां अत्यंत नम्र शब्दांत माघार घेतें. या माघारीचा इतिहास लहान असला तरी पाहण्यासारखा आहे.

त्याचा एक महत्त्वाचा अध्याय अमेरिकेंतील यूटा संस्थानांत घडला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठांतील निक वॉल्टन या विद्यार्थ्यानें २०१९ सालीं ‘ए आय डंजन’ नांवाचा एक खेळ रचला. खेळ म्हणजे गोष्टच: खेळणारानें एक वाक्य लिहावें, यंत्रानें पुढचा परिच्छेद लिहावा, आणि अशी दोघांची मिळून कथा वाढत जावी. यंत्राचा मेंदू म्हणजे ‘ओपन ए आय’ या संस्थेनें तयार केलेलें ‘जीपीटी-२’ हें भाषाप्रारूप. २०२० सालीं त्याच्या जोडीस अधिक समर्थ असें ‘जीपीटी-३’ आलें. खेळ चालविण्यासाठीं ‘लॅटिट्यूड’ नांवाची कंपनी निघाली. कथेनें कोणत्या दिशेस जावें यास फारसें बंधन नव्हतें. राजकन्या आणि राक्षस यांच्या गोष्टींबरोबरच शृंगाराच्या, हिंसेच्या आणि निव्वळ वाह्यात गोष्टीही तेथें रचल्या जाऊं लागल्या. कित्येकदां खेळणाराच्या मनांत नसतां यंत्रच गोष्टीला तिकडे ओढी. ज्या वाङ्मयसागरांतून तें शिकलें होतें, त्यांत सर्व प्रकारचें पाणी होतें.

कांहीं खेळणारे लहान मुलांसंबंधीं लैंगिक मजकूर या यंत्राकडून लिहवून घेत आहेत, असें ओपन ए आयच्या नजरेस आलें. तिनें लॅटिट्यूडला तत्काळ बंदोबस्त करण्यास सांगितलें, व २०२१ च्या एप्रिलमध्यें तो झाला. हेतूबद्दल वाद घालण्याचें कारण नाहीं. कोणत्याही सभ्य समाजानें तेथें ‘थांबा’ म्हटलेंच पाहिजे. परंतु बंदोबस्त झाला तो कसा? कथांना एक गाळणी लावण्यांत आली. तिला अर्थ कळत नव्हता, शब्दांचा शेजार तेवढा कळत होता. आठ वर्षें जुन्या संगणकाचा उल्लेखही तिला संशयास्पद वाटल्याच्या तक्रारी आल्या. कारण ‘आठ वर्षांचा’ हें विशेषण इंग्रजींत मुलालाही लागतें आणि संगणकालाही. त्याहून गंभीर गोष्ट ही कीं, गाळणींत अडकलेला मजकूर कंपनीचीं माणसें वाचूं शकतील असें लोकांस कळलें. तोंवर ते आपल्या खासगी गोष्टी एखाद्या रोजनिशीच्या विश्वासानें लिहीत होते. त्याच सुमारास, या खेळाच्या व्यवस्थेंतील एका छिद्रांतून परक्यांच्या गोष्टी वाचतां येतात, हेंही एका संशोधकानें उघडकीस आणलें. मोठा क्षोभ झाला. पुष्कळांनीं वर्गणी बंद केली.

ही गाळणी पाहून कायद्याच्या इतिहासाशीं थोडीबहुत ओळख असणारास १८६८ सालचा हिक्लिन खटला आठवल्यावांचून राहणार नाहीं. त्या खटल्यांत मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनीं कसोटी घालून दिली ती अशी कीं, ज्यांचीं मनें वाईट संस्कारांस मोकळीं आहेत व ज्यांच्या हातीं तें लिखाण पडण्याचा संभव आहे, अशांस बिघडविण्याकडे त्या लिखाणाचा कल आहे काय, हें पाहावें. या कसोटीमुळें ग्रंथांतील एखादा उतारा वेगळा काढून त्यावरून सबंध ग्रंथास दोषी ठरवितां येऊं लागलें; आणि वाचक म्हणून डोळ्यांपुढें धरावयाचा तो दुबळ्यांतला दुबळा. प्रौढ व सुजाण वाचक हिशेबांतच उरला नाहीं. हा नियम मोडून काढण्यास अनेक पिढ्या खर्ची पडल्या. १९३३ सालीं न्यूयॉर्कचे न्यायाधीश वुल्सी यांनीं ‘युलिसिस’ आरंभापासून शेवटपर्यंत वाचून तें निर्दोष ठरविलें. इंग्लंडांत १९५९ च्या कायद्यानें ग्रंथ समग्र पाहण्याचें बंधन घातलें, आणि पुढच्याच वर्षीं लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ला ज्यूरीनें मोकळें केलें. तीच कादंबरी मुंबईंत विकल्याबद्दल एका पुस्तकविक्रेत्यास झालेली शिक्षा मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं कायम केली. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकांत आली, तिच्यावर खटला झाला, आणि लेखक सुटला तो १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयांत. मर्ढेकरांसारख्या कवीसही कवितांसाठीं आरोपी म्हणून उभें राहावें लागलें होतें. हिक्लिनची कसोटी आमच्या सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट शब्दांत टाकून दिली ती तर अगदीं अलीकडे, २०१४ सालीं.

एवढ्या खटाटोपानें पुढच्या दारानें घालवून दिलेला हिक्लिन मागच्या दारानें पुन्हां घरांत शिरला आहे. यंत्र न्याय करतें तो बहुधा समोरच्या चार वाक्यांचा. आणि पलीकडे बसलेला कोण, त्याचें वय काय, हें त्यास दिसत नसल्यामुळें, तो अजाण असूं शकेल असें धरून त्यास चालावें लागतें. वुल्सींना सबंध पुस्तक पुढें ठेवून विचार करतां आला. येथें सबंध असें कांहीं अस्तित्वांतच नसतें. कादंबरी अजून लिहावयाची आहे. तिसऱ्या प्रकरणांतील अत्याचार विसाव्या प्रकरणांतील कोणत्या दुःखासाठीं योजिला आहे, हें पुष्कळदां लेखकालाही ठाऊक नसतें. यंत्राला तें कोठून ठाऊक असणार?

तथापि यंत्रवाल्यांची बाजूही प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. लेखणीची उपमा सोयीची असली तरी पुरती खरी नाहीं. टांक स्वतः वाक्य रचीत नाहीं; हें यंत्र रचतें. मुद्रक दुसऱ्याचे शब्द कागदावर उतरवितो. येथें शब्दच यंत्राचे असतात. तेव्हां आपल्या यंत्राच्या मुखांतून काय निघावें हें ठरविण्याचा कंपनीचा अधिकार डब्लिनच्या मुद्रकाहून अधिक बळकट आहे. शिवाय एकाच यंत्रापाशीं लक्षावधि लोक एकाच वेळीं बसलेले असतात, त्यांत शाळकरी मुलेंही असतात. जिवावर उदार झालेला एखादा खराखुरा माणूस ‘मी कथा लिहीत आहें’ अशी बतावणी करून भलतीच माहिती विचारूं शकतो. ही सावधगिरी नुसत्या भित्रेपणांत काढण्यासारखी नाहीं.

मग तक्रार कशाची? जॉइसनें ग्रँट रिचर्ड्स यांना पत्रांमागून पत्रें लिहिलीं, एकेका शब्दासाठीं तो भांडला, कांहीं शब्द त्यानें सोडले, कांहींवर अडून बसला. तीं पत्रें आज वाङ्मयेतिहासाचा ठेवा आहेत. यंत्राशीं असें भांडण होऊं शकत नाहीं. तें क्षमा मागतें, आणि मागितलेल्या प्रसंगाच्या ऐवजीं एक सौम्य प्रसंग लिहून देतें. आमच्या मतें खरा धोका या सौम्य प्रसंगांत आहे. थेट नकार मिळाला तर लेखक दुसरीकडे जाईल, किंवा स्वतः लिहील, हें तर उत्तमच! परंतु मारहाणीच्या जागीं ‘मतभेद’ आणि वेश्येच्या जागीं ‘दुर्दैवी स्त्री’ असें यंत्रानें गुपचूप करून दिलें, आणि रात्रीं दमलेल्या लेखकानें तें चालवून घेतलें, तर कांटछांट झाल्याची खूणसुद्धां मागें राहत नाहीं. निळ्या पेन्सिलीची निदान रेघ तरी उमटत असे.

मराठी लेखकास हें अंतर विशेष जाणवेल. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, बाबूराव बागुलांच्या कथा, तेंडुलकरांचें ‘सखाराम बाइंडर’ यांतून शिष्टसंमत नसलेले शब्द काढूं म्हटलें तर त्यांबरोबर माणसेंच नाहींशीं होतील. ही बोली इंग्रजी मजकुरावर मुख्यतः पोसलेल्या यंत्रास कशी उमगावी? ‘सखाराम’साठीं कमलाकर सारंग यांस न्यायालयाची पायरी चढावी लागली, परंतु चढावयास पायरी होती.

नकारांतून वाटा फुटतात हाही इतिहासच आहे. ‘युलिसिस’ला पॅरिसमध्यें सिल्व्हिया बीच ही पुस्तकविक्रेती भेटली, आणि १९२२ सालीं दिजाँ गांवच्या दारांतिएर या मुद्रकानें तें छापलें. तेथील जुळाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतें, म्हणून त्यांच्या नीतीला धक्का बसला नाहीं! ‘ए आय डंजन’वरील क्षोभानंतर दोनच महिन्यांत, २०२१ च्या जूनमध्यें, ‘नॉव्हेल ए आय’ नांवाचें निराळें लेखनयंत्र लोकांपुढें आलें. ‘एल्युथर ए आय’ या मंडळानें सर्वांस खुलें करून दिलेलें भाषाप्रारूप त्यांत वापरलें होतें, आणि गोष्टी कुलूपबंद सांकेतिक रूपांत ठेवण्याची हमी होती. खुद्द लॅटिट्यूडनेंही त्याच वर्षीं खासगी गोष्टी माणसांकडून वाचून घेण्याचें धोरण सोडलें. आतां तर असलीं खुलीं प्रारूपें आपल्या घरच्या संगणकावर बसवून कोणाच्याही परवानगीवांचून लिहिणारे लोक आहेत. त्यांच्यावर कोणतीच गाळणी नाहीं, आणि यांत जितकी मोकळीक आहे तितकाच अनर्थाचाही संभव आहे, हें नाकारतां येणार नाहीं.

मोठ्या कंपन्यांचेंही धोरण हळूहळू बदलत आहे. ओपन ए आयनें २०२४ च्या मे महिन्यांत आपल्या यंत्रांच्या वर्तनाचे नियम प्रसिद्ध केले. २०२५ च्या फेब्रुवारींत त्यांत फेरफार करून, अल्पवयीनांसंबंधींचा लैंगिक मजकूर सर्वथा वर्ज्य ठेविला व इतर नाजूक विषयांस योग्य संदर्भांत अधिक वाव दिला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, वय सिद्ध करणाऱ्या प्रौढांस शृंगारिक लेखनाची मुभा डिसेंबरापासून मिळेल असें तिच्या प्रमुखांनीं जाहीर केलें. पुढें ती मुदत लांबणीवर पडली. वयाची योजना अशी कीं, लिहिणाराच्या एकंदर वागणुकीवरून यंत्रानें त्याच्या वयाचा अंदाज बांधावयाचा, आणि तो चुकला तर त्या माणसानें आपली ओळख पटवून द्यावयाची. ‘डब्लिनर्स’चा मुद्रक हस्तलिखितावर खुणा करून थांबला होता.