दम्याच्या पंपामागची पाऊणशे वर्षे

रविवारच्या मिस्सेत धूपदानातून धूर वर चढू लागला की मागच्या बाकांवरून एखादा खोकला उमटतो. कुणीतरी उठून व्हरांड्यात जाते, पाठमोरे होते आणि रुमालाआड धरलेला पंप तोंडाशी नेते. हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पंपाची सवय लागते, मुलीच्या लग्नात अडचण येते, अशा समजुतींमुळे कित्येक घरांत हे औषध लपवून ठेवले जाते. ज्या औषधाची आपल्याला लाज वाटते, त्यासाठी माणसांनी किती वर्षे वेचली हे कळले, तर ती लाज थोडी तरी ओसरेल, या आशेने हा इतिहास येथे मांडीत आहोत.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते. १८९४ साली जॉर्ज ऑलिव्हर हे इंग्लिश डॉक्टर आणि लंडनमधील प्राध्यापक एडवर्ड शेफर यांनी या ग्रंथींचा अर्क प्राण्यांच्या रक्तात सोडला, तेव्हा रक्तदाब झपाट्याने चढला. अर्कातील गुणकारी द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केल्याचे जपानी रसायनतज्ज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ साली अमेरिकेत जाहीर केले. तेच अ‍ॅड्रिनॅलिन. १९०४ साली फ्रीडरिख श्टोल्झ यांनी ते जर्मनीत प्रयोगशाळेत तयार केले. दम्याच्या रोग्याला त्याची सुई टोचली की आवळलेल्या श्वासनलिका सैल होत. पण त्याबरोबर काळीज धडधडे आणि रक्तदाबही चढे. पोटात घेतल्यास ते निरुपयोगी ठरे. एकच द्रव्य इतक्या अवयवांना एकदम हाक देत होते. त्यांतून फक्त फुप्फुसांना हाक कशी द्यावी, हा पुढील साऱ्या शोधाचा प्रश्न होता.

उत्तराची पहिली वाट जॉर्ज बार्जर आणि हेन्री डेल यांनी १९१० साली दाखविली. अ‍ॅड्रिनॅलिनच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे एक कडे असते. कड्यावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट जडलेले असतात. दुसऱ्या बाजूस दोन कार्बन अणूंची लहानशी साखळी आणि तिच्या टोकाला नायट्रोजन. या दोघांनी अशा ठेवणीचे पन्नासाहून अधिक पदार्थ तपासले. कडे आणि नायट्रोजन यांच्यामध्ये नेमके दोन कार्बन असले की गुण सर्वांत चांगला येतो, आणि ते दोन हायड्रॉक्सिल गट त्याचे बळ वाढवितात, असे त्यांना आढळले.

नायट्रोजनवरील भागाचे महत्त्व पुढे अधिक उलगडले. तेथील लहान मिथिल गटाऐवजी मोठा आयसोप्रोपिल गट बसविला की आयसोप्रेनॅलिन तयार होते. १९४० च्या सुमारास पुढे आलेले हे औषध श्वासनलिका उत्तम मोकळ्या करी. १९४८ साली अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी अशी काही द्रव्ये वेगवेगळ्या अवयवांवर ताडून पाहिली. काही ठिकाणी आयसोप्रेनॅलिन अगदी दुबळे, तर काही ठिकाणी तेच सर्वांत प्रबळ. यावरून त्यांनी अनुमान काढले की पेशींवर या द्रव्यांसाठी दोन प्रकारची ग्रहणस्थाने असावीत. त्यांना त्यांनी आल्फा आणि बीटा म्हटले. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्यांचा हा निबंध नाकारला. तो दुसरीकडे छापून आला आणि कितीतरी वर्षे दुर्लक्षित राहिला.

१९५६ साली अमेरिकेत हातात मावणारा पंप बाजारात आला. औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीनेच, केसांच्या फवाऱ्यासारखा माझ्या औषधाचा फवारा का नाही, असे विचारल्याचे सांगतात. सोय मोठी होती. परंतु साठच्या दशकात इंग्लंडसह काही देशांत दम्याने तरुण आणि किशोरवयीन रुग्ण अधिक संख्येने दगावू लागले. आयसोप्रेनॅलिनच्या तीव्र मात्रेच्या पंपांकडे बोट दाखविले गेले. त्याचा हृदयावरील भार बाधला, की पंपावर विसंबून लोक रुग्णालयात उशिरा पोचले, यावर पुष्कळ वाद झाला. कारण कोणतेही असो, त्या मुलांची आठवण या इतिहासातून पुसता येणार नाही.

हृदयावर प्रामुख्याने बीटा-१ आणि श्वासनलिकांवर बीटा-२, असा भेद १९६७ साली मांडला गेला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड जॅक यांच्या चमूने सालब्युटामॉल घडविले होते. नायट्रोजनवर आणखी भरदार गट बसविल्याने त्याचा ओढा बीटा-२ कडे झाला. कड्यावरील एका हायड्रॉक्सिलच्या जागी थोडा वेगळा गट आला, म्हणून आयसोप्रेनॅलिनला लवकर निकामी करणारे शरीरातील विकर यापुढे हतबल झाले आणि गुण काही तास टिकू लागला. १९६९ साली हे औषध विक्रीस आले. ऑलिव्हर यांच्या प्रयोगापासून मोजली तर बरोबर पाऊणशे वर्षे!

आल्क्विस्ट यांच्याच विचाराच्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी बीटा-स्थाने अडविणारे प्रोप्रॅनोलॉल शोधले. १९६४ साली पुढे आलेल्या या औषधाने हृदयरोग्यांना दिलासा दिला. पण ते बीटा-२ सुद्धा अडविते, म्हणून दमेकऱ्याला घातक ठरू शकते. रक्तदाबाची गोळी सुरू करताना आपला दमा डॉक्टरांपासून लपविणे किती महागात पडेल, हे यावरून समजावे.

आणखी एक गोष्ट. सालब्युटामॉल नलिका सैल करते. त्यांच्या आतली सूज ते बरी करीत नाही. सूज उतरविण्यासाठी ओढून घ्यायचे स्टेरॉइड लागते. निळा पंप वरचेवर घ्यावा लागणे ही व्यसनाची नव्हे, दमा आटोक्यात नसल्याची खूण आहे. तेव्हा डॉक्टरांकडे जावे.

परमेश्वराने मातीच्या माणसात प्राणवायू फुंकला, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. तो श्वास कोंडला असता मोकळा करणाऱ्या साधनाला रुमालाआड दडण्याचे कारण नाही. पुढच्या रविवारी धूप चढला आणि शेजारच्या बाकावर कुणी पंप काढला, तर मान वळवून पाहू नये. थोडी वाऱ्याची जागा करून द्यावी. आम्हीही धूप बेतानेच घालू.