इंटरफेस वाइल्डकार्ड

इंटरफेस वाइल्डकार्ड म्हणजे राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक इंटरफेसचे पूर्ण नाव न लिहिता, नावातील समान भाग व एक प्रतिनिधिक चिन्ह यांच्या साहाय्याने अनेक इंटरफेस एकदम निर्देशित करण्याची पद्धत होय. राउटरमध्ये माहिती ज्या द्वारांतून ये-जा करते, त्यांना इंटरफेस म्हणतात. 'वाइल्डकार्ड' ही संज्ञा पत्त्यांच्या खेळातून आली आहे. रमीत जोकर जसा कोणत्याही पानाची जागा घेतो, तसे हे चिन्ह कोणत्याही अक्षराची वा अक्षरसमूहाची जागा घेते.

१९७१ च्या पहिल्या युनिक्स आवृत्तीत फायलींच्या नावांसाठी 'ग्लॉब' हा प्रोग्रॅम होता. राउटरमधील नमुन्यांचे मूळ त्याच परंपरेत आहे. तारका (*) म्हणजे कितीही अक्षरे आणि प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमके एक अक्षर, हा संकेत बर्ड या मार्गनिर्धारण प्रणालीत चालतो. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये मात्र तारकेऐवजी अधिक चिन्ह (+) वापरतात व ते नावाच्या शेवटीच येऊ शकते. त्यानंतरच्या एनएफटेबल्समध्ये (२०१४) पुन्हा तारका आली.

उपयोग

अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा गावात एखादा स्थानिक पुरवठादार लिनक्स राउटरवरून तीनशे ग्राहकांना पीपीपीओई पद्धतीने इंटरनेट देतो, असे मानू. या पद्धतीत ग्राहकाची जोडणी सुरू झाली की राउटरवर तिच्यासाठी नवा इंटरफेस निर्माण होतो: पीपीपी०, पीपीपी१, पीपीपी२ इत्यादी (प्रत्यक्ष आज्ञांमध्ये ही नावे रोमन लिपीत असतात). वीज जाऊन परत आली की जोडण्या नव्याने होतात आणि सकाळी पीपीपी१७ असलेला ग्राहक दुपारी पीपीपी४२ होऊ शकतो. क्रमांकनिहाय नियम लिहिणे येथे व्यर्थ ठरते. 'पीपीपी+' हा एकच नमुना सर्वांना लागू पडतो, अद्याप अस्तित्वात नसलेल्या जोडण्यांनाही.

जोखीम

पद्धतीचा गुण हाच तिचा दोषही आहे. वरील पुरवठादाराने 'पीपीपी+ वरून आलेल्यांना राउटरच्या व्यवस्थापन पानावर प्रवेश द्यावा' असा नियम केला आणि पुढे त्याची स्वतःची बाह्य जोडणीही पीपीपीओईवर गेली, तर तिचे नावही पीपीपीनेच सुरू होईल. तेव्हा ते पान साऱ्या जगाला खुले होते आणि कोणतीही त्रुटी-सूचना मिळत नाही, कारण नियम अक्षरशः बरोबरच असतो. यासाठी बाह्य इंटरफेसला वेगळे नाव द्यावे, किंवा त्याला नाकारणारा नियम आधी लिहावा. बर्डमध्ये नमुन्यापूर्वी उणे चिन्ह लावून इंटरफेस वगळता येतो. तेथेही क्रम महत्त्वाचा असतो.

'ईटीएच१*' हा नमुना केवळ ईटीएच१ पुरता आहे, असा समज विद्यार्थ्यांत वारंवार आढळतो. तो ईटीएच१०, ईटीएच११ आणि ईटीएच१.२० ही व्हीलॅन यांनाही जुळतो. उलट प्रकारही घडतो. २०१३ मध्ये सिस्टिमडीने इंटरफेसच्या नामकरणाची नवी पद्धत आणली. तिच्यानुसार ईटीएच० चे नाव ईएनपी३एस० यासारखे झाले, तर जुना नमुना कशालाच जुळत नाही आणि नियम मुकाट्याने निष्प्रभ होतो.

अन्य प्रणाली

सर्व प्रणालींत नमुना भावी इंटरफेसना लागू होतोच असे नाही. सिस्कोची 'इंटरफेस रेंज' ही आज्ञा तत्क्षणी उलगडते व प्रत्येक पोर्टखाली स्वतंत्र ओळी लिहिते. नंतर बसवलेले पोर्ट तीत येत नाहीत. जुनिपरच्या जुनॉसमध्ये समूहातील '<जीई-*>' हा नमुना कॉन्फिगरेशनमध्ये आधीच नोंदवलेल्या इंटरफेसनाच आपले गुण देतो, नवे इंटरफेस निर्माण करीत नाही. कोणत्या इंटरफेसला काय मिळाले हे तेथे 'डिस्प्ले इनहेरिटन्स' या आज्ञेने तपासता येते. इतर प्रणालींतही असा पडताळा नियम लागू करण्यापूर्वी घेणे इष्ट.

सिस्कोचा 'वाइल्डकार्ड मास्क' ही निराळी संकल्पना आहे. ०.०.०.२५५ सारखा मास्क आयपी पत्त्यातील कोणते बिट दुर्लक्षावेत हे सांगतो. नावाशी त्याचा संबंध नाही. तथापि ओएसपीएफमध्ये २५५.२५५.२५५.२५५ हा मास्क दिल्यास आयपी पत्ता असलेला प्रत्येक इंटरफेस, पुढे जोडला जाणाराही, त्या प्रोटोकॉलमध्ये ओढला जातो.